लाडवातलं औषध

अमरावती
होळीनंतरचा सोमवार

प्रिय इशू,

तुझे फोन मी मुद्दामच घेत नाहीये. बाबा फोन आणून हातात देतात आणि मी तो पालथा घालून ठेवते. त्यांना वाटतं, हात दुखतोय म्हणून. तसंच वाटू दे त्यांना. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि हल्ली माझा आवाज इतका बारीक झालाय की तू बोलायला लागलीस की माझं वाक्य कुठल्या कुठे जातं. कागदावर कुणी मध्ये बोलत नाही. सकाळची गोळी लागू पडली की थोडा वेळ हात माझं ऐकतो. तेवढ्यात जमेल तेवढं लिहीन, राहिलेलं दुसऱ्या दिवशी. ओळ संपता संपता अक्षर मुंगीएवढं होईल. तो आजाराचाच भाग आहे. चष्मा लाव, पण शेवटपर्यंत वाच.

आधी घरची खबरबात. डाव्या हाताचं प्लास्टर निघालं. मनगट पांढरंफटक पडलंय, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. मनकर्णा पोळ्या झाल्या की कोमट तेलाने चोळून देते, वेणीही घालून देते. बाबा कोर्टात जातात, पण केसेस कमी केल्यात. जेवताना बोलत नाहीत. शेजारच्या केशरबाईंनी संत्री पाठवली होती, ती तशीच टोपलीत सुकून गेली. उन्हाळा लागला बघ. दुपारी राजापेठेत चिटपाखरू दिसत नाही.

तुला चिखलदऱ्याची सहल आठवते का? तू तिसरी-चौथीत होतीस. दरीच्या काठाने एक वेल झुडपावर चढली होती, तिला तपकिरी, मखमलीसारखी लव असलेल्या शेंगा. मी हो-नाही म्हणायच्या आत तू एक शेंग गालाला लावलीस. खाजकुइली. तासभर तू आकांत मांडला होतास. मी तुला मांडीवर घेऊन गालाला, हातांना तेल चोळत बसले, आणि तू हुंदके देत देतच विचारत होतीस, शेंगेत असं काय असतं म्हणून. बाबा म्हणाले होते, या पोरीला दुखण्यापेक्षा प्रश्नच जास्त. पुढे तू औषधनिर्माणशास्त्र घेतलंस, अकोल्याच्या कॉलेजात शिकवायला लागलीस, वनस्पतींवरच पीएचडी केलीस, तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्याला ही शेंगेची गोष्ट सांगायची. फार अभिमानाने सांगायची.

गेल्या दसऱ्याला जोडीने आलात, तू आणि शिवम. तेव्हा माझं अवघड चाललं होतं. पार्किन्सन्स कळून तीन वर्षं झाली होती. गोळीचा अंमल उतरला की मी लाकडासारखी व्हायची. सोनं द्यायला लोक यायचे आणि मला खुर्चीतून उठता यायचं नाही. पहाटे कूस बदलायला बाबांना हाक मारावी लागायची; त्या दिवशी ती हाक तू ऐकलीस आणि तूच धावत आलीस. मला वळवताना तुझे हात थरथरत होते. सकाळी चहा घेताना तू मला समजावून सांगितलंस, की खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे वैद्य ज्याला कवचबीज म्हणतात त्यात, निसर्गतःच तेच द्रव्य असतं जे माझ्या गोळीत आहे. लेवोडोपा. जगभर त्यावर काम चाललंय, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला ते दिलं तर गोळी कमी लागते, अंमल जास्त टिकतो, असं काही ठिकाणी दिसलंय. तू इतक्या हौसेने सांगत होतीस की तुझा चहा निवून गेला.

मी डॉक्टरांना विचारलंही. ते काही झिडकारणारे नाहीत. म्हणाले, तुमची मुलगी सांगते त्यात तथ्य आहे. पण कुठल्या भुकटीत ते द्रव्य किती, हे पुडीवरून कळत नाही, आणि गोळ्या चालू असताना वरून अंदाजाने घालायचं ते नाही. करायचंच तर मला सांगून, गोळ्या हळूहळू कमी करत, नीट लक्ष ठेवून करू. मी घरी येऊन विचार केला. या एका गोळीशी जमवून घ्यायला मला तीन वर्षं लागली होती. कधी घ्यायची, जेवणाच्या किती आधी घ्यायची, अंमल उतरताना कुठे बसून राहायचं, हे सगळं आत्ता कुठे बसत होतं. तुला फोन करून मी सांगितलं, "इशू, आत्ता नको. पुढे वाटलं तर मीच सांगेन." तू म्हणालीस, "बरं आई." आणि लगेच दिवाळीच्या फराळाचं विचारलंस.

दिवाळीला तू मेथीचे लाडू घेऊन आलीस. मला खूप कौतुक वाटलं. तुला कधी साधा शिरा धड जमला नाही, आणि तू आजीच्या पद्धतीने मेथी तुपात भिजवून, डिंक तळून, खारीक कुटून लाडू केलेस. डबा माझ्या हातात देऊन म्हणालीस, रोज सकाळी एक, चुकवायचा नाही. संपत आले की मी पाठवीन. महिन्यातून दोनदा कुणी ना कुणी अकोल्याहून डबा घेऊन यायचं, नाहीतर तू स्वतःच यायचीस. बाबांनी एकदा मागितला तर तू म्हणालीस, तो आईचाच आहे, तुम्हाला वेगळे करते. बाबा हसले. आम्ही दोघंही हसलो. आपल्या लेकीने आपल्यासाठी वेगळं काही करावं, यात हसण्यासारखं सुखच असतं.

त्याच सुमारास मी व्यायाम मनावर घेतला होता. बाबा पॅसेजच्या टोकाला उभे राहून टाळी वाजवायचे आणि मी त्या तालावर पाय उचलायची. भिंतीला हात न लावता. मग पेपर मोठ्याने वाचायचा, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. आणि इशू, मी सुधारायला लागले. ब्लाउजचे हूक मला लावता यायला लागले. मी एकटी बागेपर्यंत जाऊन येऊ लागले. एक दिवस टेबलावरची पेन्सिल उचलून मी रेडिओवरच्या बातम्या लघुलिपीत उतरवून घेतल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदा. तीस वर्षं जिल्हा कोर्टात मी लोकांचं बोलणं असंच उतरवून घेतलं होतं, आणि मला वाटलं होतं ते गेलं ते गेलंच. मी तो कागद बाबांना दाखवला. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नाही, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी तुझा फोन यायचा. आज जड कधी झालं, लाडू किती वाजता खाल्लास, झोप लागली का, मळमळ नाही ना. लग्न होऊन गेल्यापासून तू इतकी कधी विचारत नव्हतीस. मी मनकर्णाला म्हणायची, माझी इशू बदलली बघ. फोनची वेळ झाली की मी केस नीट करून बसायची, जणू तुला दिसणार होते.

आपल्या गावात या आजाराच्या लोकांचा एक गट आहे, महिन्यातून एकदा जमतो, तुला ठाऊक आहे. डिसेंबरात त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं, टाळीवर चाला, मोठ्याने वाचा, मन खचू देऊ नका, माझ्याकडे बघा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ललिताबाई म्हणून एक आहेत, नांदगाव पेठेजवळच्या गावच्या, घरी शेती, माझ्याच वयाच्या. त्यांनी घरी जाऊन सुनेला टाळी वाजवायला लावलं. पुढच्या महिन्यात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "बाई, मी रोज करून राहिली. काईच फरक नाही. माह्यातच जिद्द कमी हाये वाटते." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, सोडू नका, होईल. मला आता त्या हाताची लाज वाटते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते पहिल्यांदा झालं. वाण देता देता माझी मान आपोआप डोलायला लागली. मग खांदा, मग पाय. दुखत काही नव्हतं, पण थांबतही नव्हतं. कुणीतरी आतून दोरी ओढत असावं तशी मी बायकांच्या मधोमध हेलकावे खात होते. तिळगुळाचं ताट हातातून गेलं. केशरबाईंनी मला धरून बसवलं. एक बाई दुसरीच्या कानात काही म्हणाली, तेव्हा मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पुढे हे रोजच व्हायला लागलं. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू आधी कधी, किती वेळ ते विचारलंस. मग म्हणालीस, डॉक्टरांना दाखवू, मीही येते.

आलीस. डॉक्टरांच्या खोलीत आपण तिघं बसलो होतो, तू माझ्या उजव्या हाताला. डॉक्टरांनी मला चालवलं, हात पुढे धरायला लावले, आणि म्हणाले, औषध जास्त झालं की असं होतं. पण मी दिलेल्या डोसात इतकं व्हायला नको. मग त्यांनी सरळ विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही चालू आहे का? एखादं चूर्ण, काढा, आयुर्वेदिक काही?"

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "नाही. काहीच नाही."

मी तुझ्याकडे वळून बघितलं. कृतज्ञतेने बघितलं, इशू. मला वाटलं, माझा आवाज पोचत नाही म्हणून लेक माझ्या वतीने बोलतेय.

मग डॉक्टर अगदी हळुवारपणे म्हणाले, की काही पेशंट बरं वाटावं म्हणून स्वतःच एखादी गोळी जास्त घेतात, त्यात लाज वाटण्यासारखं नाही, या औषधाची तशी ओढ लागते. मी म्हटलं, मी घेत नाही. त्यांनी मान हलवली आणि गोळ्या कमी करून दिल्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून त्यांनी ठरवलं.

घरी आल्यावर बाबांनी गोळ्या मोजल्या. हिशोब बरोबर होता. मला वाटलं, संपलं. पण ते वकील आहेत. म्हणाले, घरातल्या बरोबर आहेत, म्हणजे बाहेरून आणतेस. जुनं प्रिस्क्रिप्शन तुझ्याकडे असतंच. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी उलटतपासणीच्या आवाजात बोलला नव्हता. कोर्टात मी तो आवाज रोज ऐकायची, साक्षीदाराला घाम फुटायचा तो. त्या दिवशी समोर मी होते. कुठल्या दुकानातून, कधी, कुणाला पाठवून. मी नाही म्हणत राहिले, आणि माझी मान डोलत राहिली, जणू तीच हो म्हणत होती. तू सोफ्याच्या कडेला बसून ओढणीचं टोक पिळत होतीस. मी तुझ्याकडे बघितलं, की तू तरी म्हणशील, बाबा, पुरे. तू म्हणालीस, "बाबा, गोळ्या तुमच्याकडेच ठेवा. म्हणजे प्रश्नच नको."

त्या दिवसापासून गोळ्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. वेळेला ते एक गोळी तळहातावर ठेवायचे, पाण्याचा पेला द्यायचे आणि गिळेपर्यंत उभे राहायचे. मनकर्णाने एकदा पाहिलं आणि ते गेल्यावर म्हणाली, "साहेब काऊन असं करून राहिले? तुमी काय लहान लेकरू हा का?" बाबा जवळच्या मेडिकलवाल्याकडेही चौकशी करून आले. नंतर मी तिथे क्रीम आणायला गेले तर तो मुलगा माझ्या चेहऱ्याकडे बघेना. टाळी वाजवणं बाबांनी कधी थांबवलं, मला नेमकं आठवत नाही. एक दिवस मी पॅसेजमध्ये उभी राहिले आणि ते आले नाहीत, एवढंच.

आणि तू नवा डबा पाठवलास.

फेब्रुवारीत ललिताबाईंनी गुरुकुंज मोझरीला जायचं काढलं. गटातले सातआठ जण, जीप करून, दोन मुक्काम. मला घराबाहेर पडायचंच होतं. निघताना बाबांनी माझ्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ललिताबाईंच्या हातात दिल्या. माझ्या देखत. ज्या बाईचे हात माझ्यापेक्षा जास्त कापतात, तिच्या हातात. लाडवांचा डबा मी नेला नाही. आश्रमात कशाला खाण्याचे डबे, म्हटलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळीच अंग जड व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला मी कशीबशी बसले. उठून पायऱ्यांपाशी आले आणि पाय उचलेनात. पावसाळ्यात काळ्या वावरात रुततात तसे रुतले. वरचं शरीर पुढे गेलं, पाय मागे राहिले. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ललिताबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं; त्यांचे हात इतके थरथरत होते की माझ्या कपाळावर कुणी थापटतंय असं वाटत होतं. त्या हातांनी मला जो धीर दिला तो त्या महिन्यात दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

दवाखान्यात बाबा आले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तिथे मिळाल्या नसतील ना."

कळलं का तुला? घरी मी डोलत होते, ते चोरून घेते म्हणून. मोझरीला गोठले, ते चोरायला मिळालं नाही म्हणून. माझं पडणंसुद्धा माझ्याच विरुद्धचा पुरावा झालं.

घरी आल्यावर दुखण्याच्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून मी लाडू खाल्लाच नाही. त्या दिवसांत मी ओंडक्यासारखी पडून होते. मग एका सकाळी बाबांना अचानक अचलपूरच्या कोर्टात जावं लागलं, घाईत किल्ली खिशातच गेली आणि माझी गोळी द्यायची राहिली. मनकर्णाने उपाशी कशाला राहता म्हणून दुधाबरोबर लाडू भरवला. मी मनाची तयारी करून बसले होते, की आज दिवसभर दगड. पण तासाभराने माझी बोटं सुटी झाली. पाय हलका झाला. मी पदर सारखा केला. आणि थोड्या वेळाने मान, हळूच, डोलायला लागली.

गोळी पोटात नव्हती. होता तो फक्त लाडू.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. तीस वर्षं साक्षी लिहिल्यात मी. एका साक्षीवर निकाल नसतो. दुसऱ्या दिवशी मी लाडू मनकर्णाला दिसू न देता बाजूला ठेवला. अंग जड. तिसऱ्या दिवशी खाल्ला. अंग सुटलं. मग मी एक लाडू ताटलीत फोडून त्याच्याकडे बघत बसले. मेथीच्या कडूपणात काय काय लपतं. मला आधी राग आला नाही, इशू. आधी आठवला तो डॉक्टरांच्या खोलीतला तुझा 'नाही'. खोटं बोलणारा साक्षीदार बऱ्याचदा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर देतो. मी हे हजारदा पाहिलंय. तुझ्या बाबतीत मात्र दिसलं नाही, कारण मी पाहतच नव्हते.

म्हणून फोन केला. विचारलं, लाडवात काय आहे. तू म्हणालीस, "मेथी, आई." मी म्हटलं, "आणि?" मग तू म्हणालीस, "आई, तुला बरं वाटत होतं ना?"

पुढे तू पुष्कळ बोललीस. मोजूनमापून घातलं होतं, अगदी कमीपासून सुरुवात केली होती, रोज संध्याकाळी लक्ष ठेवून होते, जानेवारीनंतर प्रमाणही उतरवलं होतं, सांगणारच होते. मी फोन ठेवला. रोज संध्याकाळी लक्ष ठेवून होते. म्हणजे मी केस नीट करून बसायची तेव्हा समोर लेक नव्हती, मोजमाप होतं.

डॉक्टरांना मी सांगितलंय. बाबांना, बायकांचं काहीतरी आहे म्हणून बाहेर बसायला लावलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "एकच औषध दोन दारांनी आत येत होतं, आणि मी एकाच दारावर पहारा देत होतो." लाडू बंद केले, गोळ्या पुन्हा बसवून दिल्या. तुझ्यावर ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, पुढे तुम्हाला वाटलं तर त्या बियांचा विचार करता येईल, पण प्रमाण माहीत असलेलं, आणि सगळ्यांना ठाऊक असताना. तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, विचार करून सांगते. मला काय वाटतं ते कुणीतरी विचारलं, एवढ्यानेच मला रडू आलं.

ललिताबाईंकडेही मी जाऊन आले. सांगितलं, की माझी सुधारणा जिद्दीची नव्हती, माझ्या खाण्यात औषध होतं आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. तुमच्यात काही कमी नाही. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "मंग तो लाडू कुठी भेटते? सांगा ना मले." मी हसले आणि मग हसता हसता रडले. त्यांना नीट समजावलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका म्हणून. पण मला त्यांचा राग आला नाही. अंग लाकूड झालं की माणूस काय वाटेल ते मागतो. त्यांनी निदान मागितलं तरी.

तुझं शास्त्र फार चुकलं असं मी म्हणत नाही. त्या बियांनी मला दोन महिने हात परत दिले, हे खरं आहे. तू पुन्हा एकदा विचारलं असतंस तर कदाचित मी हो म्हटलं असतं. पण तू विचारलंच नाहीस. माझा नकार तू आजाराचं एक लक्षण समजलीस. मला पहाटे वळवताना तुझे हात थरथरत होते, ते मी विसरले नाही. तू भ्यायली होतीस, आणि भीतीपोटी केलंस. तेवढं मी समजू शकते. लाडू मी समजू शकते, इशू. सोफ्यावरची तू मला समजत नाही. तू जवळ बसून होतीस, तुला एकटीला खरं ठाऊक होतं, आणि तू तुझ्या आईला खोटी ठरू दिलंस. पेन्सिल हातात घेऊन मी बातम्या उतरवल्या तो आनंदही आता माझा राहिला नाही. त्यात माझं किती आणि तुझं किती, हे मला कधीच कळणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. बाबांना मी अजून काहीही सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी मी अजून गोळ्या चोरणारी बाई आहे. परवा जेवताना माझ्याकडे न बघता ते म्हणाले, तू मला एकदा खरं सांगितलं असतंस तर मी काही केलं नसतं, फक्त जवळ बसलो असतो. मी ताटातला वरणभात कालवत राहिले. एका वाक्यात मी मोकळी झाले असते. पण ते वाक्य माझं नाही. मी सांगितलं तर ती ऐकीव साक्ष होईल, आणि हरलेल्या बाईने लेकीवर ढकललं असंही त्यांना वाटेल. नाहीतर ते विश्वास ठेवतील, तू फोनवर रडशील, आणि माझ्या वतीने ते तुला माफ करून टाकतील. मला दोन्ही नको. येत्या रविवारी ये. शिवमला आणू नकोस, डबा आणू नकोस. बाबांच्या समोर बैस आणि सगळं तुझ्या तोंडाने सांग. त्या खोलीतला 'नाही' आणि सोफ्यावरचं वाक्यही. मी शेजारी असेन, पण तुझ्या मदतीला एक शब्द बोलणार नाही. रविवारपर्यंत मी आणखी खोटारडी राहीन, तुझ्यासाठी. त्यापुढे नाही.

तरीही तुझीच,
आई